तोंड वासलेल्या तिसऱ्या

कुसगावात सारिकाच्या खानावळीत तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं खायला लोक वाट वाकडी करून यायचे. तिसऱ्या आणायची माधवी. दोघी लोहगडवाडीच्या, एकत्र वाढलेल्या. माधवीला घाटाखाली खाडीकाठच्या गावात दिली, सारिका कुसगावात आली. आठवड्यातून दोनदा माधवी सकाळी घाट चढून यायची आणि ओल्या गोणपाटातला माल देऊन जायची.

या उन्हाळ्यात मालात काहीतरी बिनसलं. जिवंत तिसरी टिचकी मारली की शिंपला मिटून घेते. या मिटेनात. निम्म्या टाकून द्याव्या लागत. उरलेल्या शिजवल्या तर आत मांस नखाएवढं, आणि त्यावर बारीक पांढुरके फोड.

"शिळा माल मिसळतीया ती," सासू मुक्ताबाई म्हणाल्या.

"न्हाई हो आत्या. माधवी तशी न्हाई."

सारिका म्हणाली खरं, पण मन थाऱ्यावर राहिलं नाही. माधवी हल्ली चहाला थांबत नव्हती. गोणी पायरीवरच ठेवून निघायची. "भावजी कसे हायेत?" विचारलं तर "बरे हायेत" म्हणून तोंड फिरवायची. आधी यातलं काही डोळ्यावर आलं नव्हतं; आता सगळंच खुपायला लागलं. मग एका सोमवारी फोन आला. आदल्या दिवशी सुकं खाऊन गेलेल्या दोघांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते.

पुढच्या खेपेला सारिका कुणाला न सांगता स्कूटर घेऊन खंडाळ्याला गेली आणि घाट संपतो तिथल्या चहाच्या टपरीमागे उभी राहिली. माधवी टेम्पोतून उतरली. तिच्या हातातलं गोणपाट रिकामं होतं. थोड्या वेळानं एक पिकअप येऊन थांबली. अनोळखी माणसानं थर्माकोलचा खोका खाली दिला. माधवीनं त्यातल्या तिसऱ्या आपल्या गोणपाटात ओतल्या आणि वरून बाटलीतलं पाणी शिंपडलं.

सारिका समोर जाऊन उभी राहिली. "कुणाचा माल हाय हा?"

माधवी दचकली. मग खालीच बसली. "दक्षिणेकडच्या खाडीतला. आमच्या खाडीत न्हाई राहिल्या गं. पाण्यात पाय घातला तर कोमट लागतं. भरती ओसरली की चिखलात तोंड वासून पडलेल्या दिसत्यात, लांबपर्यंत. आमचे हे दिवसभर खाडीकडं बघत बसत्यात."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू दुसरीकडनं घेतल्या असत्यास."

सारिकानं गोणपाटातली एक तिसरी उकलली. "आन् हे फोड? ह्यातबी तेच हायेत. तू खाऊन बघितल्यास?"

"न्हाई," माधवी गोणपाटाची कड चुरगळत म्हणाली. "घरात आता करीत न्हाई मी."

सारिका स्कूटर वळवून परतली, आणि त्याच दुपारी तिनं फळ्यावरचं तिसऱ्यांचं नाव पुसलं.

तळेगावची वल्लरी पुण्याच्या एका संस्थेत शिंपल्यांच्या रोगांवर काम करायची. खानावळीत तिचं येणं-जाणं होतं. सारिकानं तिला सगळं सांगितलं. वल्लरीनं माधवीकडून दोन्ही खाड्यांतल्या मिळतील तेवढ्या तिसऱ्या मागवून तपासल्या.

"दोन्हीकडं एकच परजीवी आहे," ती म्हणाली. "पाणी तापलं, खारटपणा वाढला की तो फोफावतो. पूर्वी एवढा नसावा. आता उन्हाळेच लांबलेत. माणसाला त्याचा त्रास होत नाही."

"मग ती दोघं आजारी कशानं पडली?"

"कोमट पाण्यात दुसरेही जंतू वाढतात. मेलेली तिसरी चुकून कढईत गेली असेल, नीट शिजली नसेल. किंवा त्यांनी वाटेत भलतंच काही खाल्लं असेल. आता ते कळायचं नाही."

सारिकाला हे उत्तर नको होतं. चोर कोण, हे तिला ऐकायचं होतं.

महिन्याभरानं तिनं स्वतःच माधवीला फोन केला. माधवी आली ती सुक्या जवळ्याची, वाळवलेल्या बारीक कोळंबीची, गोणी घेऊन. या वेळी ती आत आली, ओट्याशी बसली. मुक्ताबाईंनी आतूनच डोकावून पाहिलं. सारिकानं चहा टाकला, आणि पाठ वळवून मूठभर जवळा नाकाशी नेला.

"पाठ कशाला फिरवतीस?" माधवी म्हणाली. "समोर बघ की."

सारिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिनं परात ओढली आणि गोणी तळापर्यंत रिकामी केली. माधवी उठून गेली नाही. परातीच्या पलीकडे बसून तीही जवळा निवडू लागली.