गिटारच्या पोटातली डबी

दुसऱ्याच्या गिटारमध्ये काय आहे ते बाहेरून दिसत असतं, तर यरबाला निदान झोप तरी लागली असती. इतर मुलखांत म्हणे वादक आवाज बदलायच्या डब्या पायाशी मांडून बसतात आणि हवा तो खटका बुटाने दाबतात. वाळवंटाकाठच्या नुआकशोत शहरात ते चालायचं नाही. इथे वादक गालिच्यावर मांडी घालून बसतो, त्याच्या पायाशी चहाचे पेले असतात, रांगती पोरं असतात, नाचायला उठलेल्या बायकांच्या अंगभर गुंडाळलेल्या मेल्हफ्यांचे पदर असतात. तिथे डबी ठेवली तर पहिल्या गाण्यालाच तिच्यात चहा जायचा. म्हणून इथे गिटारचं लाकूड मागून कोरतात, डबीचं कवच सोलून आतला जीव तेवढा पोटात बसवतात, वर पत्रा ठोकतात आणि दर्शनी बाजूला आवाज कमीजास्त करायची एक खुंटी ठेवतात. आत काय दडलंय ते वाजवणारा जाणे आणि बसवणारा जाणे.

देद्दाच्या गिटारवर अशी एक नवी खुंटी आली होती.

देद्दा म्हणजे यरबाच्या बायकोचा मामेभाऊ. कालपरवापर्यंत यरबाच्या मागे बसून टाळ्यांचा ठेका धरणारं पोरगं. यरबाची बायको सालका गायची आणि यरबा तिला साथ करायचा. दोघांच्याही घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. यरबाचा बाप तिदिनीत वाजवायचा, चार तारांचं कातडी मढवलेलं वाद्य. ती बोटं यरबाने गिटारवर आणली, पडद्यांच्या मधे जादा पडदे ठोकून घेतले आणि गावात नाव कमावलं. निदान त्याची तरी तशी समजूत होती.

तुजुनीन वस्तीतल्या एका लग्नात सालका ऐन रंगात आली असताना यरबाच्या स्पीकरने मान टाकली. खरखरला, खोकला आणि गप्प झाला. यरबा वायरी हलवतोय तोवर देद्दा सरकून पुढे आला.

"भाऊ, तुम्ही निवांत चहा घ्या. मी सांभाळतो."

आणि त्याने सांभाळलं की! त्याच्या तारांतून आवाज निघाला तो सरळ येईचना. फुगायचा, ओसरायचा, पुन्हा फुगायचा. पोरी उठून नाचायला लागल्या. ते सगळं यरबाने सोसलं असतं. पण सालकाने गाता गाता मान वळवून देद्दाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. लग्नाला इतकी वर्षं झाली, यरबाच्या वाजवण्यावर तिने असे डोळे मिटल्याचं त्याला आठवेना. हातातला चहा त्याला कडूजहर लागला.

परतताना गाडीत तो म्हणाला, "आज गळा छान लागला तुझा."

"हो ना! त्या पोराच्या आवाजाला कशी लाट आहे. आपण नुसतं वर बसायचं, तो नेतो."

"आणि मी? मी नेत नाही?"

"तुझा स्पीकर जिवंत असेल तर नेशील ना! नवीन घे रे आता. पैसे बाजूला टाकलेत ते काय लोणच्याला ठेवलेत?"

पैसे होते, आणि ते स्पीकरसाठीच होते. शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी स्पीकर आणला असता. पण यरबाच्या कानात ती लाट शिरून बसली होती, आणि ती आपली नाही, दुसऱ्याची आहे, या विचाराने त्याचा जीव नुसता जळत होता.

त्याच आठवड्यात तेक्बेर अम्मांना पणतू झाला. यरबाच्या बापाने अम्मांच्या लग्नात वाजवलं होतं, यरबाने त्यांच्या मुलीबाळींच्या लग्नांत. त्या घरचं कार्य आणि यरबाची साथ नाही, असं कधी झालंच नव्हतं. अम्मांची दृष्टी गेली होती, अंथरूण धरलं होतं, पण कान अजून तिखट होता. बारसं सातव्या दिवशी.

सालका निरोप घेऊन आली. "अम्मांच्या नातींचं म्हणणं आहे, या खेपेला देद्दालाही आण."

"देद्दालाही, की देद्दालाच?"

"आणला तर बिघडलं काय? तू वाजव, तोही वाजवेल."

"म्हणजे मी मागे बसून टाळ्या पिटू!"

"यरबा, तुला आजार जडलाय हा," सालका म्हणाली. "आणि यावर हकिमाकडे औषध नसतं."

"त्या घरात माझ्याशिवाय कोणी वाजवणार नाही. सांगून ठेवतो."

"बरं बाबा. मग नातींना नाचवायची जबाबदारी तुझी. नाही नाचल्या, तर पुढच्या कार्याला त्या मला विचारणार नाहीत, परस्पर त्याला बोलावतील."

ती हे चिडून नाही, काळजीने बोलली, आणि म्हणूनच ते यरबाला जास्त झोंबलं.

फोनच्या बाजारात आलासानचा गाळा होता. फोन, रेडिओ, गिटार, जे बिघडेल ते तो उघडायचा, आणि सोबत फुकट सल्लाही द्यायचा. हा उंटावरचा शहाणा गावातल्या सगळ्या गिटारांची पोटं पाहून बसला होता.

"या भाऊ! स्पीकर ना? एक ठेवलाय तुमच्यासाठी. हाक मारली तर पार अतार गावात ऐकू जाईल."

"स्पीकर बघू मागाहून. आधी जरा त्या डब्या दाखव. सहज आपलं."

आलासानने डब्या मांडल्या. पहिली जोडली, तार छेडली. आवाज चरचरत बाहेर आला.

"हिने आवाज फाटतो."

"फाटका आवाज माझ्या स्पीकरमधून फुकट येतो. पुढची?"

"ही एकोची. एकदा वाजवा, तीनदा ऐका."

"म्हणजे चूक झाली तर तीही तीनदा."

"मग ही घ्या, कोरस. एकाचे दोन वादक वाटतात."

"घरात एकच जड झालाय," यरबा पुटपुटला.

आलासान हसला. "भाऊ, आडवळणं कशाला? देद्दाच्या पोटात जी आहे ती हवीय, सरळ म्हणा."

"कोण देद्दा?"

"या आठवड्यात 'कोण देद्दा' म्हणणारे तुम्ही चौथे!"

यरबाच्या अंगाचा तिळपापड झाला. केवळ अब्रू राखायला त्याने ती एकोची डबी उचलली आणि घरी आणून जोडली. सालका स्वयंपाकघरातून भाताचा डाव हातात घेऊनच बाहेर आली.

"विहिरीत पडलायस का? वर ये, जेवण झालंय."

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा गाळ्यावर हजर. आलासानने खणातून एक नारिंगी डबी काढून पुढे ठेवली. फेझर. तार छेडली आणि तीच लाट गाळाभर पसरली. यरबाला वाटलं, चोरलेली वस्तू सापडली.

"हीच?"

"हीच. पण ऐका माझं. डबीत पैसे घातलेत तर स्पीकर राहिला. आणि एकदा लाकूड कोरलं की भरून येत नाही. तुमची गिटार चांगल्या वळणाची आहे, भाऊ, तिचं पोट कशाला फाडता?"

"तू कोर. आणि त्याची खुंटी कुठवर फिरवलेली असते?"

"ते मी कसं सांगू? विश्वासाचा धंदा आहे."

तो विश्वास चहाच्या तिसऱ्या पेल्यापर्यंत टिकला. मग आलासानने खुंटी फिरवली आणि शेजारच्या गाळ्यातून लाल नखरंग मागून आणून नेमक्या जागी ठिपका दिला. लाकडाचा भुसा यरबाच्या निळ्या झग्यावर उडाला. तो त्याने झटकला नाही.

डबी मिळाली तरी आग काही विझली नाही. देद्दाची गाणी तर पोरींच्या फोनाफोनांत होती. यरबा दारं लावून ती ऐकायला लागला. तो कुठे थांबतो, कुठल्या स्वराला मागून धक्का देतो, टाळ्यांच्या आत कसा शिरतो, सगळं बोटांत उतरवत गेला. आवडत होतं म्हणून नव्हे. आवडत होतं याचाच त्याला राग येत होता.

सालकाने दार ढकललं. "अरे, तू तर त्याच्या जागासुद्धा घ्यायला लागलास."

"त्या काय त्याच्या बापाच्या आहेत?"

"नाहीत. पण तुझ्या बापाच्या काही होत्या, त्या कुठे गेल्या?"

यरबाने खुंटी ठिपक्यावर आहे ना, ते तेवढं पाहून घेतलं.

बारशाच्या दुपारी अम्मांच्या अंगणात तंबू पडला. मेंढ्या कापून झाल्या होत्या, पोराचं नाव ठरलं होतं, झ्रीगचे, पाणी घातलेल्या आंबटगोड दुधाचे, वाडगे हातोहात फिरत होते. स्पीकर एका दिवसापुरता मागून आणलेला. अम्मा आतल्या खोलीत होत्या, खिडकी उघडी ठेवायला लावून. देद्दा गावात नव्हताच, अतारला कुणाच्या लग्नाला गेला होता. यरबाला त्याचं वाईट वाटलं. त्याने समोर बसून ऐकायला हवं होतं, त्याचं तोंड उतरलेलं दिसायला हवं होतं.

पहिल्याच झटक्याला नाती उठल्या. बायकांनी किलकाऱ्यांनी तंबू डोक्यावर घेतला, फोन वर झाले. सालकाचा आवाज चढत गेला. एका वळणावर तिने मान वळवली, यरबाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

हेच हवं होतं त्याला. पण हे डोळे कुणासाठी मिटलेत? माझ्यासाठी की त्याच्यासाठी? स्वतःच्या हातून निघणाऱ्या आवाजाचा यरबाला हेवा वाटायला लागला. तरी बोटं थांबली नाहीत, कारण नाती नाचत होत्या.

संपल्यावर आतून बोलावणं आलं. सालका पुढे गेली, मागोमाग यरबा, गळ्यात गिटार तशीच. खोलीत उदाचा वास होता. सालकाने वाकून अम्मांची विचारपूस सुरू केली. ती संपायच्या आतच अम्मांनी तिचा हात धरला.

"पोरी, गळा उघडला बघ तुझा. आणि साथीला तुझा मामेभाऊ होता ना, देद्दा? नातींनी त्याचं गाणं फोनवर ऐकवलं होतं. पहिल्या तारेलाच ओळखला मी! फार गोड हात आहे. माझ्या कळपातली एक दुभती सांडणी त्याच्या दारात नेऊन बांधा."

सालकाने तोंड उघडलं. यरबाने हात वर करून तिला थोपवलं.

"पण मला एक सांग," अम्मांचा आवाज बारीक झाला. "आमचा यरबा का नाही आला? माझ्या पणतूच्या बारशाला नाही? दुपारभर खिडकीकडे कान लावून पडले होते. म्हटलं, आता वाजवेल, मग वाजवेल. रुसलाय का गं तो माझ्यावर?"

सांडणी देद्दाला! वाजवलं मी, घाम माझा, बोटं माझी, आणि सांडणी त्याला! यरबाला ओरडून सांगावंसं वाटलं की अम्मा, तो मीच होतो. पण मग अम्मांनी विचारलं असतं, तू होतास तर मला ऐकू का नाही आलास?

तो अंथरुणाच्या पायथ्याशी बसला. गिटार मांडीवर घेतली. इथे स्पीकर नव्हता, तेव्हा डबीही मुकी होती. होती ती नुसत्या तारांची कुजबुज. मैफलीची सुरुवात बाप ज्या सुरावटीने करायचा, ती त्याने हलक्या हाताने वाजवली. मधे बाप थांबायचा तिथे थांबला.

अम्मांचा चेहरा फुलला. त्यांनी चाचपडत हात पुढे केला तो त्याच्या गुडघ्यावर पडला.

"आलास होय रे, यरबा! किती उशीर केलास. आणि दुपारभर होतास कुठे?"

यरबाने सालकाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

"आजारी होतो, अम्मा."

"अरेरे. आता बरा आहेस ना?"

"बघू."

"मग एक काम कर. ती सांडणी तूच पोचव त्या पोराकडे. तुझ्यासारख्या जाणत्याच्या हातून मिळाली म्हणजे त्याला तिचं मोल कळेल."

अम्मांचा शब्द मोडायची यरबाच्या घराण्यात रीत नव्हती. दोन दिवसांनी यरबा तुजुनीनच्या वाळूतून सांडणीचा दोर धरून निघाला. ती रस्ताभर त्याच्या मानेवर फुरफुरत होती. देद्दा कालच अतारहून परतला होता. तो डोळे चोळत बाहेर आला आणि दारातली सांडणी बघून गोंधळला.

"भाऊ, हे काय? कुणाची ही?"

"तुझी. तेक्बेर अम्मांनी दिलीय, बारशातल्या वाजवण्याबद्दल."

"अहो, पण मी तर गावातच नव्हतो!"

यरबाने दोर त्याच्या हातात दिला.

"असू दे. फार छान वाजवलंस."