हो की नको

बाईंनी उभा जन्म इंग्रजी स्पेलिंग शिकवण्यात घालवला, आणि म्हातारपणी घरात स्वर उरला एकच, ओ.

त्यांचे यजमान लिलाव पुकारायचे. एकदा सुरू झाले की तोंडाचा पट्टा थांबायचं नाव नाही. अर्धांगाचा झटका आला आणि शब्दांची डोकी गळाली, शेपटं तेवढी राहिली. मान हलेना, हात उचलेना. काहीही विचारा, उत्तर "ओ". दुपारी पडद्यातून ऊन झिरपू लागलं की अर्धवट झोपेत बाईंना तो ओ खोलीभर तरंगताना दिसे. कधी मागे डब्ल्यू लावून त्याचा स्नो व्हायचा, कधी ई चिकटून पायाचा टो, कधी यू, जी, एच अशी तीन मुकी अक्षरं ओढत मळलेल्या पिठाचा डो. आवाज तोच, कपडे निराळे. बाईंना त्या खेळात बरं वाटायचं.

मग शाळेनं पुन्हा बोलावलं, सकाळच्या वर्गांसाठी. खोटं कशाला बोला, बाईंचा जीव तिथेच अडकला होता.

"वहिनी, मी बसते दादाजवळ. तुम्ही जा खुशाल," नणंद म्हणाली.

"त्यांना विचारल्याशिवाय नाही."

"विचारा की. ओच म्हणेल तो."

तिथेच तर घोडं अडलं होतं. हो म्हटलं तरी शेवटी ओ, नको म्हटलं तरी ओ. इंग्रजीत जावं तर गो आणि नो, दोघेही एकाच माळेचे मणी. स्पेलिंगसुद्धा मदतीला येईना.

पलंगाशी बसून बाई स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. हो. नको. हो. ओठांवर टेकलेल्या बोटांना हो म्हणताना ऊब लागली, नको म्हणताना नाही. कानाला न सापडणारा ह हाताला सापडत होता.

त्यांनी तळवा यजमानांच्या तोंडासमोर धरला.

"अहो, मी शाळेत जाऊ लागले तर एकटं वाटेल का तुम्हाला?"

"ओ."

तळव्यावर उबदार फुंकर आली. शाळेला नाही म्हणून कळवायचं, हे बाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तरी राहवेना.

"आणि तरीही जाऊ का?"

यजमानांनी छाती भरून श्वास घेतला. या वेळची फुंकर एवढी मोठी होती की बाईंच्या कपाळावरची पांढरी बट उडाली.