नौबत पहाडावरचा आरसा

नौबत पहाड म्हणजे हैदराबादच्या मधोमध उभा असलेला उंच खडक. वर चढलं की एका बाजूला हुसेनसागराचं पाणी, पश्चिमेला धुरकट गोवळकोंडा, आणि दुसऱ्या बाजूला नारायणगुड्याच्या घरांच्या गच्च्या. या खडकावर उमाजीने नऊ वर्षं काढली.

उमाजी निजामाच्या फौजेत शिपाई होता, पण बंदूक त्याच्या हाती क्वचितच आली. त्याचं काम उन्हाचं होतं. तिपाईवर एक गोल आरसा बसवलेला असे आणि त्याला एक दांडी. दांडी दाबली की आरसा किंचित कलायचा आणि पाच मैलांवर गोवळकोंड्याच्या बुरुजावर उजेड पडायचा. थोडा वेळ दाबलं की ठिपका, जास्त वेळ दाबलं की रेघ. ठिपके आणि रेघा मिळून अक्षर, अक्षरं मिळून शब्द. एक शब्द गेला की हात थांबवायचा. बुरुजावरून एक लांब चमक आली की समजायचं, शब्द पोचला. मगच पुढचा. चमक आली नाही तर तोच शब्द पुन्हा. आणि समोरच्याला शब्द अर्ध्यातच कळला, तर तो अर्ध्यातच चमक देई. उरलेली अक्षरं पाठवायची गरजच नसे.

किती साधी रीत! पण नऊ वर्षांत ती उमाजीच्या अंगात भिनली होती. तो बोलतानासुद्धा एक वाक्य बोलून थांबायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा.

दुपारी सराव संपला की तो आरसा हळूच नारायणगुड्याकडे वळवी. तिथल्या एका गच्चीवर त्याची बायको तारामती कुंकवाचा आरसा घेऊन उभी असे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी उमाजीने तिला ही लिपी शिकवली होती. ठिपक्याला चिंचोका, रेघेला काडी. एका दिवसाला एकच अक्षर. चुकलं तर तो काही बोलत नसे, चिंचोके गोळा करून पुन्हा मांडी. महिनाभरात ताराला इंग्रजीची सव्वीस अक्षरं आली, आणि त्या अक्षरांत मराठी शब्द बसवायला ती आपली आपणच शिकली. तेव्हापासून रोज दुपारी आकाशातून तिला दोन-तीन शब्द येत. ‘वांगी कर.’ ‘उशीर होईल.’ एकदा नुसतंच ‘तारा’. त्या दिवशी तिने चमक द्यायला फार वेळ लावला होता, आणि तो दांडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला होता.

ही गोष्ट पन्नास सालच्या मार्चची. हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात येऊन दीड वर्ष झालं होतं. निजामाची फौज मोडायची ठरली. प्रत्येक शिपायाला एक कागद मिळाला. त्यावर तीन रस्ते होते: हिंदुस्थानच्या सेनेत जा, हैदराबादच्या पोलिसात जा, नाहीतर रजा घेऊन गावी जा. शनिवारपर्यंत एका रस्त्यापुढे सही करायची.

सेनेत जायचं तर उमाजीला बिनतारी यंत्राची परीक्षा द्यावी लागणार होती. आरशाचे दिवस संपले होते. लिपी तीच, पण ऊन नाही. कानाला लावायच्या यंत्रात टिकटिक वाजते आणि ऐकता ऐकता लिहायचं.

परीक्षेला जमादार अप्पाराव होते. मूळचे वरंगळचे, जिभेवर तेलुगू, दख्खनी आणि मराठी एकत्र नांदायची. टिकटिक सुरू झाली. उमाजीने पहिला शब्द लिहिला आणि उजवा हात वर उचलला. चमक द्यायला! यंत्र कशाला थांबतंय? दुसरा शब्द निघून गेला. त्याने तिसरा पकडला, पुन्हा हात वर. शेवटी कागदावर विसांतले नऊ शब्द होते.

“अरे बाबा,” अप्पाराव म्हणाले, “हात कायको उठाता बार बार? मच्छर आहे का?”

“पोचल्याची खूण देत होतो, साहेब.”

“कोणाला? भिंतीला?” सगळे हसले. अप्पारावही हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “कान चांगला आहे रे तुझा. लिहिलेले नऊच्या नऊ बरोबर. शनिवारी सकाळी पुन्हा ये. पण हात बांधून ये.”

घरी ताराचे काका एकनाथराव आले होते. महसूल खात्यात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. त्यांनी तीन रस्त्यांचा कागद चष्म्याजवळ धरून वाचला.

“यात विचार कसला करायचा, जावईबापू? पोलीस! कचेरीच्या दारावर उभं राहायचं, संध्याकाळी घरी. सेनेत गेलात तर आज जबलपूर, उद्या काश्मीर. पोरीने काय गच्चीवर बसून ढग मोजायचे?”

उमाजीला ते पटलं. खरं तर पटलं नव्हतं, पण नऊ शब्दांचा तो कागद खिशात होता. “पोलिसातच जातो,” तो म्हणाला. काका समाधानाने चहा पिऊन गेले.

तारा चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “परीक्षेत काय झालं?”

त्याने सांगितलं. ती हसू लागली, पदर तोंडावर धरून हसतच राहिली. “अहो, तुम्ही यंत्राला थांबायला लावत होतात?”

“हस तू. नऊ वर्षांची सवय आहे.”

“हौ, मोठी सवय! परक्याच्या प्रत्येक शब्दाला थांबता. आणि आत्ता काकांना ‘पोलिसातच जातो’ म्हणालात, तेव्हा माझ्याकडे बघितलंत तरी का?”

तिने एवढंच बोलून भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पितळेचा तांब्या आणि पळी घेऊन गच्चीवर आली. “लिहा,” म्हणाली, आणि पळीने तांब्यावर ठिपके-रेघा वाजवू लागली. पहिल्या शब्दाला त्याचा हात वर गेला. ती थांबली नाही. दुसऱ्यालाही गेला. ती थांबली नाही. निंबाचा मोहर गच्चीवर गळत होता, सागराच्या बाजूने वारा येत होता, आणि तांब्याचा आवाज कुठल्या तरी देवळातून यावा तसा लांबून आल्यासारखा वाटत होता. उमाजीला वाटलं, आपण एका नदीच्या काठी बसलोय आणि शब्द पाण्यावरून वाहत जातायत. त्यांना थांबवायचं नाही, नुसतं बघत राहायचं. अंधार पडला तेव्हा त्याचा हात कागदावरच होता.

“पण मी तर पोलिसात चाललोय,” तो म्हणाला.

“मग नका लिहू,” म्हणत तारा खाली गेली.

शुक्रवारी आरसे परत जमा करायचे होते. दुपारी उमाजी शेवटचं म्हणून पहाडावर चढला. गोवळकोंड्याच्या बुरुजावर आता कोणीच नव्हतं. सागर चांदीच्या परातीसारखा पडला होता. त्याने आरसा नारायणगुड्याकडे वळवला आणि ताराला हाक दिली. चमक आली. ती तिथे होती.

कागदावरच्या तीन रस्त्यांचे तीन शब्द त्याने रीतीप्रमाणे एकेक करून तिला पाठवायचं ठरवलं. पहिला: ‘गाव’. सगळी अक्षरं गेली, मग चमक आली. पोचला.

दुसरा: ‘पोलीस’. पुन्हा सगळी अक्षरं. तारा शेवटच्या अक्षरापर्यंत थांबली, आणि मग शिस्तीत एक लांब चमक. पोचला.

तेवढ्यात एक पांढरा ढग सूर्यावर आला. पहाड, सागर, गच्च्या, सगळं एकदम मऊ आणि फिकं झालं, झोपेत बघावं तसं. उमाजी दांडीवर हात ठेवून उभा राहिला. या ढगातून त्याला उगाच बर्फाचे डोंगर दिसले, कधी न पाहिलेले. एका तंबूत बसलेला एक माणूस दिसला, कानाला यंत्र लावलेला. तो माणूस कोणाच्याही होकाराची वाट न बघता लिहीत होता. आणि तरी त्याला ठाऊक होतं, की कुठेतरी एका गच्चीवर कोणीतरी उभं आहे.

ढग सरकला. उमाजीने तिसरा शब्द सुरू केला: ‘सेना’. पहिलं अक्षर, तीन ठिपके. दुसऱ्यासाठी दांडी दाबणार, तोच नारायणगुड्याच्या गच्चीवरून चमक आली. लांब, ठसठशीत, जराही न हललेली.

बाकीची अक्षरं पाठवायची गरज नव्हती. तरी त्याने पाठवली. हात ऐकेना.

शनिवारी सकाळी त्याने पहिल्या, सेनेच्या रस्त्यापुढे सही केली आणि परीक्षेच्या खोलीत गेला. टिकटिक सुरू झाली. शब्द वाहत आले, वाहत गेले, त्याचा हात कागद सोडून उठला नाही. वीसच्या वीस शब्द उतरले. यंत्र थांबलं, खोली शांत झाली, आणि तेव्हा उमाजीचा उजवा हात आपोआप वर गेला.

अप्पारावांनी कागद हातात घेतला, एकदा वाचला, आणि उत्तरादाखल आपलाही हात उचलला.