रांगेत भरलेली शाळा

मी एक जुनी रिम आहे, मित्रांनो. ट्रकच्या मागच्या चाकाची. अंगाला तडा गेलाय, निम्मी गंजलेय. पण माझी कीव करायची नाही, आधीच सांगून ठेवते.

कारखान्यातलं काही मला आठवत नाही. आठवतो तो रस्ता. दक्षिण सुदानात लढाई पेटली आणि माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन सीमेच्या अलीकडं, युगांडात आली. त्यांच्या छावणीला पीठ-तेल पोचवणाऱ्या ट्रकला मी होते. चार वर्षं पळाले. एका पावसाळ्यात खड्ड्यात आपटले, तडा गेला, आणि ड्रायव्हरनं मला छावणीच्या कडेला दिलं भिरकावून.

सोकिरी मास्तरांनी मला उचललं. तेही सीमेपलीकडूनच आलेले. त्यांनी मला आंब्याच्या झाडाला तारेनं टांगलं, हातात एक जाडजूड बोल्ट घेतला आणि असा हाणला की अख्खी छावणी दचकली. तेव्हापासून मी शाळेची घंटा. मार खायचा, हेच काम.

मदत करणाऱ्या संस्थेनं तंबू दिला, पाट्या दिल्या, मास्तरांना पगार दिला. मला लाल रंग फासून माझा फोटोसुद्धा काढला. मग त्यांच्याकडचे पैसे आटले. गाडी आली आणि तंबू गुंडाळून घेऊन गेली. मला भंगार म्हणून सोडलं. मास्तरही राहिले, बिनपगारी. म्हणाले, "तंबू त्यांचा होता. पोरं आपली आहेत."

त्या पोरांत एक जोकुडू. वीस वर्षांची, पाठीला तान्हं बांधलेलं, आणि बसायची सातवीत. लढाईत सुटलेली शाळा तिनं आठ वर्षांनी पुन्हा धरली होती. रोज सगळ्यांच्या आधी तीच यायची आणि मला बडवायची. बारकी पोरं चिडवायची, "जोकुडूमावशी, तुझं पोरगं तुझ्याआधी पास होणार."

"होऊ दे की," ती म्हणायची. "मग गणितं त्यालाच विचारीन."

एक दिवस निरोप आला. गुरुवारी जिल्ह्याचा साहेब डोकी मोजायला येणार. साठ भरली तर शाळा राहील, नाहीतर नाव खोडणार. दुसरी शाळा नदीपलीकडं, तीन तासांच्या वाटेवर. तान्ह्याला घेऊन रोज तिथं जाणं जोकुडूला जमणारं नव्हतं. दोन महिन्यांवर आलेली तिची परीक्षा बुडणार होती.

आणि नेमकं त्याच गुरुवारी धान्यवाटप.

आमच्याकडं रांगेत माणसं उभी राहत नाहीत, दगड राहतात. आपला दगड ठेवायचा आणि कामाला जायचं. दुसऱ्याचा दगड कुणी हलवत नाही. पण या वेळी वाटपवाल्यांनी फर्मान काढलं, दगड चालणार नाही, जिवंत माणूस पाहिजे. आईबाप तर लोकांच्या शेतावर मजुरीला. मग रांगेत कोण? पोरं.

गुरुवारी सकाळी जोकुडूनं मला बडवलं. अकरा पोरं आली. पुन्हा बडवलं. एक कुत्रं आलं.

मास्तर मटकन खाली बसले. "संपलं गं. भुकेपुढं मी काय शिकवणार?"

"उठा मास्तर," जोकुडू म्हणाली. "फळा घ्या."

तिनं तार सोडली, मला खाली उतरवलं, उभं केलं आणि दिलं लोटून. मित्रांनो, किती वर्षांनी पळाले मी. तडा जमिनीला लागला की टाणकन उडायचे, पण पळाले. मागं जोकुडू, तिच्या मागं मास्तर, अकरा पोरं आणि ते कुत्रं.

वाटपाच्या मैदानावर त्यांनी मला मांडवाच्या खांबाला बांधलं. पहिला टोला पडला तसा राखणदार धावत आला. "ए बाई, काय चाललंय हे?"

"शाळा. तुमची रांग चालू द्या, आमचा तास चालू द्या."

पोरांनी जागा सोडल्या नाहीत. तिथंच पाढे सुरू झाले. रांग एक पाऊल सरकली की फळाही एक पाऊल सरकायचा.

झाडाखाली कुणी न दिसल्यामुळं साहेब माझ्या आवाजावर मोटरसायकल घेऊन आला. "कागदावर शाळा झाडाखाली आहे," तो म्हणाला.

रांगेत पोतं धरून किडेनआजी उभी होती. "झाडाला म्हटलं होतं चल म्हणून. आळशी आहे ते."

साहेबानं हजेरीवही घेतली, नावं वाचत एकेक डोकं मोजलं. एकोणसाठ. "एक कमी आहे," त्यानं वही मिटली.

"माझं नाव वाचलं नाही तुम्ही," जोकुडू म्हणाली.

"तू यातल्या कुणाची तरी आई ना?"

"आई याची आहे, पाठीवरच्याची. आणि सातवीत आहे."

मास्तरांनी वही उघडली, साहेबानं न उलटलेलं पान उलटलं आणि तिथल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"पाठीवरचं पण धरा साहेब," किडेनआजी म्हणाली. "त्यानं एक दिवस चुकवलेला नाही."

साहेब हसला नाही. पण त्यानं साठ लिहिलं.

आज जोकुडू परीक्षेला गेलीय. तान्हं मास्तरांच्या मांडीवर रडतंय. मी परत आंब्यावर आहे, रंग पार उडालेली. येणारे-जाणारे म्हणतात, हिला पुसूनबिसून जपून ठेवा. नका ठेवू, मित्रांनो. माझी काळजीच घ्यायची तर रोज सकाळी तो बोल्ट उचला. तंबू नेतील, पगार नेतील, उद्या झाडही तोडतील. तोडू देत. मी चाकाची आहे. पोरं असतील तिथं मला लोटत न्या, आणि हाणा.