पाबळच्या गाडीत गेलेला हजेरीपट

सोमवार, दिनांक ४ फेब्रुवारी १९६३ रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, शिरूरच्या एस.टी. स्थानकावर, दौंडची पाटी लावून उभ्या असलेल्या गाडीच्या खिडकीतून शलमोन गायकवाड या शिक्षकाने आपली कापडी पिशवी आत टाकली. अशा रीतीने जागा धरणे हा नित्याच्या उतारूंचा सर्वमान्य कायदा होता. एरवी तो रुमाल टाकीत असे. परंतु रुमालाला सगळेच जुमानतात असे नाही, पिशवीला मात्र कोणी हात लावीत नाही, असा त्याचा अनुभव होता. आज बसायला जागा मिळणे अगत्याचे होते.

कारण पिशवीत शाळेचा हजेरीपट होता. न्हावऱ्यापलीकडच्या एका वस्तीवरील एकशिक्षकी शाळेत तो अकरा महिने हंगामी होता. साडेदहाला विस्तार अधिकारी तपासणीस येणार होते, आणि त्याला कायम करावे की नाही हे त्यांच्या शिफारशीवर ठरणार होते. हजेरीपट शाळेबाहेर नेऊ नये असा नियम होता. तीन दिवसांची हजेरी मांडायची राहिली म्हणून तो नियम मोडून शलमोनाने पट शनिवारी घरी नेला. रविवारी उपासनेनंतर पाहुणे आले आणि काम तसेच राहिले. आता ते गाडीत, मांडीवर पट ठेवून, उरकायचे होते.

दार उघडायला अवकाश होता. गाडी वेळेवर सुटेल ना, असे विचारायला तो नियंत्रकाच्या खिडकीशी गेला. वास्तविक त्याने हे दोनदा विचारले होते. तिसऱ्यांदा विचारून तो वळला, तो गाडी जागेवर नव्हती.

"पाटी बदलली, मास्तर," बाकावर बसलेले न्हावऱ्याचे बागायतदार हौसराव म्हणाले. "ती गाडी पाबळला गेली. दौंडची ही पलीकडं लागलीया."

"आणि माझी पिशवी?"

"ती बी पाबळलाच. बसून चाललीय, एवढं समाधान माना."

पाबळची ती गाडी दुपारी बारापूर्वी परतणार नव्हती. थांबावे, तर अधिकारी बंद शाळेच्या दारात उभे राहतील; जावे, तर त्यांच्यापुढे रिकाम्या हातांनी उभे राहावे लागेल. बंद शाळा हा अधिक मोठा अपराध, असा निवाडा स्वतःशी करून तो दौंडच्या गाडीत चढला. जागा मिळाली, तीही खिडकीजवळ. मांडीवर ठेवायला मात्र काही नव्हते.

"सांगा, पट उंदरानं खाल्ला," शेजारी बसत हौसराव म्हणाले.

"शनिवारी दुपारपर्यंत खाल्ला नव्हता, आप्पा. पोरं सांगतील."

"मग तुमच्या येशूला सांगा, पिशवी उतरवून घे म्हणावं."

"नियम मी मोडला. त्याला कशाला मध्ये घालू?"

हौसराव हसले. शलमोन ओठांतल्या ओठांत नावे म्हणू लागला. पटावरच्या चौतीस मुलांपैकी एकतीस आठवली. न्हावरे आले तेव्हा तेहतीस झाली होती. चौतिसावे, वस्तीकडे धावत जाताना, ओढ्यात आठवले.

अधिकारी आधीच येऊन, बंद शाळेच्या ओसरीवर पोरांनी कोणाच्या तरी घरून आणलेल्या खुर्चीवर बसले होते.

"हजेरीपट?"

शलमोनाने घडले ते सगळे सांगितले. पट घरी नेला होता हेही. मग अनुज्ञा मागून त्याने चौतीस नावे अनुक्रमाने म्हटली. बुधवारी जयसिंग कांदे काढायला गेला होता, गुरुवारी सरू तापाने निजली होती, शुक्रवारी दोघे भाऊ मामाच्या गावी, खुटबावला, गेले होते. अधिकाऱ्यांनी मुलांना एकेक करून विचारले. एकही चूक निघाली नाही. मागच्या रांगेतला जयसिंग तेवढा म्हणाला, "गुरुजी, कांदे न्हाई, लसूण."

अधिकाऱ्यांनी टाकाचे टोक पुसले.

"मुले तुम्हांला ठाऊक आहेत, गुरुजी, हे मी लिहीन," ते म्हणाले. "पण पट तुम्ही घरी नेलात आणि तीन दिवस कोरा ठेवलात, हेही लिहीन. कायम करण्याची शिफारस यंदा होणार नाही."