हातावरचा नंबर

वीरेशच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, विद्याश्रीचा मोबाइल नंबर गोंदलेला होता. हिरवट निळे दहा आकडे, थोडे वाकडे, कारण गोंदताना पोरगं हलत होतं. पहिल्यांदा बघणारा माणूस आधी हाताकडे बघायचा आणि मग विद्याश्रीच्या तोंडाकडे. बाई तर शिकलेली दिसते, आणि पोराच्या अंगावर हे? ती नजर तिच्या ओळखीची झाली होती. हे मी नाही केलं, सासूनं केलं, तेही मला न विचारता, असं दर वेळी कुणाकुणाला सांगणार?

वीरेश चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. कानाला काही झालेलं नव्हतं; पण हाक मारली तर वळायचा नाही, नाव विचारलं तर विचारणाऱ्याच्या शर्टाची गुंडी बघत राहायचा. फिरणारी वस्तू दिसली की मात्र जागेवर खिळायचा. पंखा, सायकलचं चाक, शिलाई मशीन, काहीही. विद्याश्रीच्या सासूबाई शांतादेवी, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, त्याला मुरगूडजवळच्या एका जत्रेला घेऊन गेल्या होत्या. गर्दीत हात सुटला. पोरगं सापडलं ते उसाचा रस काढणाऱ्या चरकासमोर. तोवर चार माणसांचं त्याला नाव, गाव, बापाचं नाव विचारून झालं होतं, आणि एक जण त्याच्या दंडाला धरून कुठंतरी न्यायला निघाला होता. कुठं, ते अव्वांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी पोराला हिसकून घेतलं आणि थेट गोंदणाऱ्याच्या मशीनपुढं नेऊन बसवलं.

घरी आल्यावर विद्याश्रीनं पोराचा सुजलेला हात आधी गार पाण्याखाली धरला. मग ती म्हणाली, "जनावराला डाग देतात तसं केलंत, अव्वा."

"मग काय करू?" अव्वा म्हणाल्या. "गळ्यात बिल्ला घातला, त्यानं तोडला. सदऱ्यावर नाव शिवलंस, त्यानं सदरा काढून टाकला. कातडं तर काढून टाकत न्हाय न्हवं?"

बिल्ल्याचं आणि सदऱ्याचं खरं होतं, म्हणून तिला राग जास्तच आला. त्या दिवसापासून दोघी कामापुरतं बोलू लागल्या.

पुढं वीरेशला बोलायला शिकवणाऱ्या बाई कोल्हापुरात मिळाल्या, तशी विद्याश्रीनं मंगळवार पेठेत एक खोली भाड्यानं घेतली. नवरा राजशेखर बिद्रीच्या साखर कारखान्यात कामाला होता. तो मुरगूडहून ये-जा करायचा आणि सुट्टीला इकडं यायचा. अव्वाही मुरगुडातच. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. "उठलं काय पोरगं? खाल्लं काय?" विद्याश्री "हो" म्हणायची आणि ठेवून द्यायची. पण तेवढ्यासाठी तिला गच्चीवर जाऊन उभं राहावं लागे, कारण त्या खोलीत तिच्या फोनला रेंजच नव्हती. पाण्याच्या टाकीला खेटून उभं राहिलं तर दोन काड्या, जिना उतरला की शून्य.

एकदा त्या बाईंच्या शाळेत वीरेशला फणफणून ताप भरला. बाई सारखा फोन लावत राहिल्या. विद्याश्री खोलीत भाकऱ्या थापत होती आणि फोन तिच्याशेजारी, भिंतीतल्या कोनाड्यात, मुका पडून होता. ती नेहमीच्या वेळेला आणायला गेली तेव्हा पोरगं बाईंच्या मांडीवर ग्लानीत होतं. त्या रात्री ती त्याच्या हातावरच्या आकड्यांकडे बघत बसली. आजवर तिला त्या गोंदणात अव्वांचा अडाणीपणा दिसत होता. आता वाटलं, हा नंबर म्हणजे माझ्या नावानं पोराला दिलेला शब्द आहे, आणि तो मीच पाळत नाही.

कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात पिराजी म्हणाला, "ताई, दुसऱ्या कंपनीचं कार्ड घ्या की. सगळ्यास्नी नव्या नंबरचा मेसेज टाकायचा, विषय संपला."

"नंबर बदलता येत नाही."

"का? लकी हाय व्हय?"

तिनं वीरेशची बाही वर केली. पिराजीनं आकडे वाचले, परत वाचले. "मग अवघड हाय," तो म्हणाला.

राजशेखरनं जुन्या नंबरवर येणारे फोन दुसऱ्या नंबरवर वळवायची सोय करून बघितली. ती दोन दिवस चालायची, तिसऱ्या दिवशी बंद पडायची. "खाली दुसरा नंबर गोंदून घेऊ," असंही तो एकदा म्हणून गेला आणि बायकोचं तोंड बघून बाहेर फिरायला निघून गेला.

पेपरात अधूनमधून यायचं, की लवकरच नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येणार. मग तारीख पुढं जायची. पुन्हा यायचं, पुन्हा पुढं जायची. बाकीचे लोक बातमी वाचून पान उलटत असतील. विद्याश्री मात्र परीक्षेच्या निकालासारखी त्या बातमीची वाट बघायची. शेवटी दोन हजार अकराच्या जानेवारीत पिराजीनंच रस्त्यावरून तिला हाक मारली. "ताई, आलं बघा तुमचं."

मेसेज पाठवला, कोड आला, अर्जाला फोटो चिकटवला. नवं कार्ड तिच्या हातात ठेवत पिराजी म्हणाला, "एके दिवशी जुनं कार्ड मरतंय, मग थोड्या वेळानं ह्ये जित्तं हुतंय. मधले दोन-तीन तास नंबर कुणाचाच नसतोय. घाबरायचं न्हाय."

कुणाचाच नसतो. हे शब्द तिच्या डोक्यात रुतून बसले. ज्या सकाळी जुनं कार्ड मेलं, त्या सकाळी तिनं नवं कार्ड फोनमध्ये घातलं, वीरेशला शाळेत पाठवलं नाही, आणि दाराची वरची कडी लावली. त्या कडीला त्याचा हात पोचत नव्हता. दोन-तीन तास होऊन गेले. नवं कार्ड काही जिवंत होईना.

दुपारी दार वाजलं. बाहेर अव्वा उभ्या होत्या. हातात पिशवी, पदरानं घाम पुसत. आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाल्या, "बदललास न्हवं नंबर?"

"अव्वा, तुम्ही अशा अचानक..."

"सकाळपास्नं फोन लावतोय मी. ती बाई म्हणत्या, ह्यो नंबर अस्तित्वातच न्हाय. अगं, अस्तित्वातच न्हाय म्हणत्या. माझ्यावर राग हाय तर माझ्यावर काढ की. पोराच्या हातावर काढलास व्हय?"

विद्याश्रीला आधी समजेचना. मग समजलं तेव्हा तिचा आवाज चढला. नंबर बदलू नये म्हणून दीड वर्ष गच्चीवर उभी राहिले, नंबर तोच राहावा म्हणून हे सगळं केलं, तुमच्या मुलाला सांगितलं होतं तुम्हाला सांगायला.

"राजू काय सांगतोय?" अव्वा पिशवी ठेवून खाली बसल्या. "तेल संपलं तर सांगत न्हाय त्यो." मग जरा नरमल्या. "म्हंजी नंबर त्योच?"

"तोच. कंपनी दुसरी."

"मग लागंना का?"

"लागेल." आणि इतके दिवस मनात असलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. "माझाच नंबर का गोंदलात, अव्वा? जत्रेत तर तुम्ही होतात. तुमचा घालायचा, नाहीतर त्यांचा."

अव्वांनी तिच्याकडं असं बघितलं, की ही एवढी शिकलेली बाई असं काय विचारते. "माझा घालून? मी किती दिवसाची? आणि राजूला कारखान्यात त्या मशिनींच्या आवाजात काय ऐकू येतंय? तू उचलतीस. पोरगं पाळण्यात हुतं तवापास्नं बघतोय मी. त्यानं कूस बदलायच्या आधी तू जागी हुतीस."

विद्याश्री शेगडीकडं बघत राहिली. गॅसवर काही नव्हतं, तरी. अव्वांना पाणी द्यायला ती उठली, वळली, आणि दार उघडं दिसलं.

कडी तिनं स्वतः काढली होती. परत लावली नव्हती.

गल्लीत दोघी धावत सुटल्या. विद्याश्री सायकलच्या दुकानात गेली, शिंप्याकडं गेली, रसाच्या गाड्यापाशी गेली. कुठंच नाही. हातातल्या फोनवर बघितलं; रेंजच्या जागी काहीच नव्हतं. आत्ता, ह्या क्षणाला, कुणी त्याच्या हातावरचे आकडे दाबत असेल, तर त्याला ती बाई सांगत असेल की असं कुणी नाही.

समोरून दोन बायका दळणाचे डबे घेऊन तशाच परत येत होत्या. एक दुसरीला म्हणत होती, "ऐन टायमाला गिरणी बंद केली त्यानं. कुणाचं तर पोरगं आलंय म्हणं."

विद्याश्री गिरणीवर पोचली तेव्हा वीरेश ज्वारीच्या पोत्यावर बसला होता आणि थांबलेल्या पट्ट्याकडं नाराज होऊन बघत होता. शेजारी गिरणीवाला केरबा, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा, कानाला फोन लावून उभा. विद्याश्री झेपावली तसा त्यानं हात आडवा घातला.

"थांबा ताई. कोण तुमी?"

"आई आहे मी त्याची. वीरू, चल."

वीरेशनं वळूनही बघितलं नाही.

"पोरगं तर तुमच्याकडं बघंना बी," केरबा म्हणाला.

"तो कुणाकडंच बघत नाही हो. बोलत नाही तो."

"त्येच की. बोलत न्हाय म्हणून कुणाच्याबी हातात देऊ व्हय? आईचा नंबर हाय हातावर. त्यो लागू दे, मग न्या."

"तो माझाच नंबर आहे." तिनं दहाही आकडे धडाधड म्हणून दाखवले.

"हातावर बघून म्या बी म्हणतोय."

मागून धापा टाकत अव्वा पोचल्या. "ए पावणं, डोस्कं फिरलंय काय तुजं? माझा नातू हाय त्यो."

"असंल की, मावशी. माझं काय म्हणणं हाय? नंबर लागू दे."

"आणि न्हाईच लागला तर? अस्तित्वातच न्हाय म्हणत्या ती बाई."

"मला बी सारखं त्येच सांगत्या," केरबा शांतपणे म्हणाला. "पर एवढं कातड्यावर लिवलंय म्हंजी कोणतरी हायच की. ती बाई म्हणती म्हणून मी सोडून देऊ?" आणि त्यानं परत बटण दाबलं.

विद्याश्रीच्या जिवाचा संताप झाला होता. ह्या माणसाला ढकलून पोराला उचलावं असं वाटत होतं. आणि त्याच वेळी आत कुठंतरी तिला कळत होतं, की जगातल्या प्रत्येक अनोळखी माणसानं तिच्या पोराच्या बाबतीत असंच आडवं उभं राहावं, हेच तर ती इतकी वर्षं मागत आली होती. ती जागेवर उभी राहिली. डबे घेतलेल्या बायका भोवती जमल्या. कुणीतरी म्हणालं, अहो, द्या की त्यांचं पोर. केरबा हलला नाही. कानाला फोन लावून छताकडं बघत राहिला, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग किती वेळ गेला कुणास ठाऊक, तिच्या मुठीतला फोन थरथरला आणि वाजला.

विद्याश्री नेहमी पहिल्या रिंगला उचलायची. ह्या वेळी तिनं एक रिंग पूर्ण वाजू दिली.

"हॅलो," ती म्हणाली.

केरबा तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. पण त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, फोनमध्येच बोलला, मोठ्यानं, परगावी बोलल्यासारखं. "हॅलो. मंगळवार पेठेतनं केरबा गिरणीवाला बोलतोय. तुमचं पोरगं माझ्याकडं हाय. सुखरूप हाय. काळजी करू नका."

"नाही करत," विद्याश्री फोनमध्येच म्हणाली. "येते मी न्यायला."

"या."

त्यानं फोन खिशात टाकला आणि आडवा हात काढला. बायकांमध्ये खसखस पिकली. केरबानं खटका दाबला, पट्टा फिरायला लागला, आणि वीरेशचं तोंड उजळलं. त्याला आत्ता उठवलं तर तो आकांत करेल हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघी पोत्याला टेकून उभ्या राहिल्या. केरबानं पहिल्या डब्यातली ज्वारी घातली.

गिरणीच्या आवाजात अव्वा तिच्या कानाशी ओरडल्या, "ह्या माणसाचा नंबर घिऊन ठेव."

विद्याश्रीनं चमकून त्यांच्याकडं बघितलं.

"फोनात गं," अव्वा म्हणाल्या. "फोनात."