वकिलाच्या कोटावरचे सूर्यफूल

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, केवढा जुना हा बिल्ला! कडा झिजलेल्या, सोन्याचा मुलामा उडालेला, खालची चांदी उघडी पडलेली. पण माझे हे म्हातारपण खोटे आहे. ते मला घासून घासून आणलेले आहे. मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, पण जसे जमेल तसे सांगतो.

मी वकिलाच्या कोटावर लावायचा बिल्ला आहे. एक सूर्यफूल आणि त्याच्या पोटात एवढासा तराजू. नादाउरा बंदरातल्या कुराहाशी नावाच्या तरुण वकिलाला मी मिळालो. मिळालो म्हणजे उसना. आमच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो आणि आम्ही कायम वकील संघाचेच राहतो. वकील आम्हाला फक्त लावतो.

आमच्यात एक रीत आहे. नवा बिल्ला लखलखतो, आणि लखलखणारा बिल्ला म्हणजे कोरा वकील हे अशिलांना ठाऊक असते. म्हणून नवे वकील आम्हाला सुट्ट्या पैशांच्या बटव्यात टाकतात आणि नाण्यांबरोबर खुळखुळू देतात. कुराहाशीनेही तेच केले. त्याच्या कचेरीतल्या कारकून शिगेनोबाई हसून म्हणाल्या, "काय साहेब, बिल्ल्याचे केस पिकवताय होय?"

"पिकल्याशिवाय कोण येतंय आपल्याकडे?" तो म्हणाला.

लोक मात्र आले, आणि माझ्यामुळे नव्हे. कुराहाशी ऐकायचा फार चांगले. समोरचा बोलू लागला की तो मान किंचित कलती करायचा, मधे एक शब्द टाकायचा नाही, आणि लोक मोकळे व्हायचे. बायकोला न सांगितलेले, देवापुढे न बोललेले लोक त्याच्यापुढे बोलत. मी छातीवर बसून सगळे ऐकत होतो. त्या वर्षांत मला माझा अभिमान वाटे, हे कबूल करतो.

मग त्याने फोनवर लिहायला सुरुवात केली. माझा एक फोटो काढला, तोच आपल्या खात्याचा चेहरा केला, आणि खात्याला नाव दिले 'सूर्यफूलवाले वकील'. पहिल्यांदा कायद्याच्या चार उपयोगी गोष्टी लिहिल्या. त्या कोणी वाचल्या नाहीत. मग एका दुपारी त्याने लिहिले, "आज दोन भाऊ बापाच्या अस्थिकलशावरून भांडले. दोघांचंही म्हणणं एकच, तुझ्याकडे ठेव." त्यावर सारे बंदर हसले. बंदराबाहेरचेही हसले.

शिगेनोबाई म्हणाल्या, "साहेब, ते दोघे वाचतील की."

"नाव कुठे लिहिलंय? गाव कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं खरं," असे म्हणून बाईंनी आपल्या फोनवर त्याला शाबासकीचा अंगठा दिला.

तेव्हापासून तो मान कलती करायचा ती निराळ्या कारणाने. त्याच्या छातीवर मी होतो, म्हणून मला कळे. कोणी रडू लागले की आतले ठोके जलद होत. शिकार दिसल्यावर मांजराचे होतात तसे.

अशा दिवसांत तोमोए आली. ती कामाबोकोच्या, म्हणजे माशांच्या वाफवलेल्या वड्यांच्या, कारखान्यात माशांचा लगदा मळायची. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती सात वर्षांच्या कोहारूला घेऊन बाहेर पडली होती. आता घटस्फोट हवा होता, आणि मुलगी हवी होती. आमच्याकडे घटस्फोटानंतर मूल एकाचेच होते. अर्धे इकडे, अर्धे तिकडे असे नसते. तेव्हा तोमोएपुढे प्रश्न एवढाच होता, कोहारू कोणाची?

"सगळं सांगा," कुराहाशी म्हणाला. "इथून काही बाहेर जात नाही."

तोमोएने दार लागले आहे ना ते पाहिले. मग म्हणाली, "एक गोष्ट आहे वकीलसाहेब. आईलासुद्धा नाही सांगितली. घर सोडलं त्या सकाळी नवरा न्हाणीत होता. तेवढ्यात निघायचं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं हो. मी माझ्या आजीची, लोणचं मुरवायच्या कोंड्याची बरणी उचलली. रोज पहाटे उठून तिच्यात हात घालून ढवळायची सवय, हात आपोआप तिकडेच गेले. चादरीत गुंडाळली आणि छातीशी धरून पळाले. बस आली, दार उघडलं, तेव्हा हातातलं वजन गार लागलं. पोर घरी झोपलेली होती!"

"मग?"

"मग काय! ड्रायव्हर म्हणतोय, चढा बाई. मी बस सोडली. एका पायातली चप्पल गेली तरी थांबले नाही. त्याच्या न्हाणीचं पाणी अजून वाजत होतं. कोहारूला झोपेतच उचललं. पुढच्या बसमध्ये जागी झाली ती. एका मांडीवर बरणी, एका मांडीवर ती." तोमोए तोंड झाकून रडली. "मी आई आहे का हो, साहेब?"

"आहात," कुराहाशी हळुवारपणे म्हणाला. त्या क्षणी त्याला तसे खरेच वाटले असावे. मला खात्री नाही.

जेवणाच्या सुट्टीत शेवयांच्या वाडग्यापुढे बसून त्याने लिहिले, "नवऱ्याच्या घरून पळताना बाईने लोणच्याची बरणी छातीशी धरली आणि पोटची पोर विसरली. आता ताबा मागतेय. कोर्टाने आधी विचारावं, कोणाचा?"

नाव नव्हते. गाव नव्हते. बस सोडून ती परत धावली, तेही नव्हते. तेवढे लिहिले असते तर विनोद झाला नसता.

मित्रांनो, ते वाचून हसणाऱ्या हजारोंपैकी तोमोएला कोणी ओळखले नाही. पण ओळखायला हजारो लागत नाहीत, एकच पुरतो. ज्या घरातून एका सकाळी सून, नात आणि बरणी एकदम नाहीशा झाल्या, त्या घरातल्या सासूनेही ते वाचले.

कौटुंबिक न्यायालयात समेटाची बैठक होती. मध्यस्थ दोन, एक वयस्क गृहस्थ आणि एक बाई. दोन्ही बाजूंना ते आळीपाळीने आत बोलावतात. आम्ही आत गेलो तेव्हा मध्यस्थबाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. "हे तुमच्याबद्दल आहे का?"

तोमोएने वाचले. कागदाच्या कोपऱ्यात माझा फोटो होता. तिने त्या फोटोकडे पाहिले, मग मान वळवून कोटावर माझ्याकडे पाहिले. मला तोंड असते तर मी ते फिरवले असते.

"हे मी फक्त यांना सांगितलं होतं," ती म्हणाली.

कुराहाशी घसा खाकरून म्हणाला, "यात नाव नाही. ही कोणीही असू शकते."

वयस्क मध्यस्थ शांतपणे म्हणाले, "बरणी घेऊन पळालेल्या बायका तुमच्याकडे किती येतात, वकीलसाहेब?"

बाहेर बाकावर सासू बसली होती. तिने तोमोएला गोड आवाजात विचारले, "काय गं, बरणी सुखरूप आहे ना? ढवळतेस ना रोज? बरंय बाई. पोरीला ढवळावं लागत नाही, म्हणून राहून गेली असेल."

तोमोए तिच्या पुढून निघून गेली. तिने दुसऱ्याच दिवशी वकील बदलला. पण बोललेले परत घेता येत नाही, आणि फोनवर लिहिलेले तर नाहीच. कुराहाशीने मजकूर पुसला, तोवर तो दुसऱ्यांच्या फोनांत जाऊन बसला होता. गोष्ट कोणाची ते सासूकडून बंदरभर झाले, आणि शाळेत मोठी मुले कोहारूला हाक मारू लागली, "ए बरणीची धाकटी बहीण!" शनिवारी ती बापाकडे जाई, तेव्हा आजी, म्हणजे तीच सासू, तिला कुरवाळत उरलेली गोष्ट रचून सांगे. आई परत आली होती ती बरणीचे झाकण न्यायला. तू जागी झालीस, म्हणून तुला न्यावं लागलं.

न्यायालयाच्या तपासनिसाने कोहारूला विचारले, तुला कोणाकडे राहायचंय? ती म्हणाली, "आजीकडे. आजीकडे बरणी नाहीये."

कोहारू बापाला मिळाली. आईला महिन्यातून एक भेट.

हे सारे तोमोएने आमच्या कचेरीत येऊन, उभ्या उभ्या सांगितले. शिगेनोबाईंनी पुढे केलेल्या खुर्चीवर ती बसली नाही. तिचा आवाज चढला नाही.

"मी ते पुसलंय," कुराहाशी म्हणाला.

"पुसलंत ते असू दे. आता उरलेलं लिहा."

"म्हणजे?"

"मी बस सोडली ते लिहा. परत धावले ते लिहा. मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं."

"मग लिहा. पोर माझं ऐकत नाही. मी नेलेल्या डब्याला हात लावत नाही, म्हणते, झाकण कुठंय? तुमचं सगळं गाव ऐकतं. तीही ऐकेल."

कुराहाशीने मान कलती केली. तीच जुनी, प्रेमळ मान. "तोमोएबाई, अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला जाहीर करता येत नाही. वकील संघाच्या समितीपुढे माझी चौकशी चालू आहे. तुम्ही समजून घ्यायला हवं, नियम आहे."

"पण मीच सांगतेय ना, लिहा म्हणून!"

"तरीसुद्धा. समितीपुढे बरं दिसणार नाही."

मित्रांनो, मी शिकलेला नाही, पण तो नियम मला पाठ आहे. माझा जन्मच त्यासाठी आहे. गुपित अशिलाचे असते, वकिलाचे नव्हे. तिने मिटा म्हटले की मिटायचे, उघडा म्हटले की उघडायचे. कुराहाशीने बरोबर उलटे केले, आणि दोन्ही वेळा त्याला त्याची सोय कळली. तोमोए कमरेत वाकली, आमच्याकडे निघताना वाकतात तशी, आणि गेली. दार लागल्यावर शिगेनोबाई म्हणाल्या, "जरा जास्तच ताणतेय बाई." कुराहाशीने हो म्हटले.

पुढे वकील संघाने त्याचे काम काही महिने बंद ठेवले. तेवढ्या काळासाठी आम्हाला परत करावे लागते, म्हणून मी आज संघाच्या कपाटात एका पाकिटात पडून आहे. मुदत संपली की तो मला न्यायला येईल. त्याच्याकडे पुन्हा लोक येतील, कारण तो ऐकतो फार चांगले.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन काय व्हाल ते मला ठाऊक नाही. पण कोणी तुमच्यापुढे रडत काही बोलले, तर ती ठेव समजा. हसू आले तरी ती मोडू नका. आणि मला तोंड नाही, म्हणून एक काम तुमच्याकडे मागतो. तुमच्या वर्गात कधी बरणीवरून चिडवली जाणारी, कोणाच्याही डब्यातले न खाणारी एक मुलगी आली, तर तिच्याजवळ बसा आणि तिला सांगा की बस उभी होती, दार उघडे होते, आणि तुझी आई चढली नाही.